माळावरचे खड्डे मुजवा : सोलापूरच्या गवताळ रानांसाठी खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातल्या माळांचा निर्णय ज्यांच्या सहीनं होतो ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

विषय : गवताळ माळ 'पडीक' ठरवून तिथं चर, झाडं आणि सौर पट्टे आणणं थांबवण्याबाबत

स.न.वि.वि.

मे महिन्यात उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गायरानावर जेसीबी आला आणि माळाच्या अंगावर आडवे चर ओढून गेला. चरांच्या मधल्या पट्ट्यांत रोपांसाठी खड्डे घेतले. कडेला फलक लागला, त्यावर योजनेचं नाव, क्षेत्र, रोपांची संख्या आणि 'पडीक जमीन विकास' हे शब्द. उरलेल्या गायरानावर सौर प्रकल्प येणार असं पारावर बोललं जातं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी त्या गावापुरती होते, एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला नोटीस जाते आणि फाइल मिटते. माळ मोकळा दिसला की त्याचं काहीतरी केलंच पाहिजे, अशी रीत आपल्या जिल्ह्यात पडली आहे. माझं पत्र त्या रीतीबद्दल आहे.

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरीची बहुतेक वर्षं नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी या पट्ट्यात गेली. पावसाळ्याच्या तोंडाला मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, देवीची साथ आली की कळप कुठल्या माळावर बसलाय ते शोधत फिरायचं, हे माझं काम. कळपाचा ठावठिकाणा दप्तरात नसतो, तो गवतावर ठरतो. त्यामुळे गवत कुठं, कधी आणि कुठल्या जातीचं, हे मला लस टोचण्याआधी शिकावं लागलं. पक्षी आणि जनावरं मेंढपाळांनी ओळखायला शिकवली, पुस्तकं नंतर आली. आमची थोडी जिरायत याच माळाला लागून आहे. तेव्हा हे पत्र निसर्गप्रेमी म्हणून हौसेनं लिहिलंय असं समजू नये. शेजारी काय चाललंय याचा जाब विचारणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे.

आधी माळ म्हणजे काय ते सांगतो, कारण फलक लिहिणाऱ्यानं तो पावसाळ्यात पाहिलेला दिसत नाही.

आपल्या पायाखाली सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. त्यावर मुरूम आणि मुरमावर कुठं वीतभर, कुठं चार बोटं माती. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही कधी जूनमध्ये पडून जातो तर कधी सप्टेंबरपर्यंत वाट पाहायला लावतो. एवढ्या मातीवर आणि एवढ्या पाण्यावर दाट जंगल उभं राहत नाही, पूर्वीही नव्हतं. इथं टिकतं ते गवत. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. मधूनमधून एखादी बोर, तरवड, हिवर, ओढ्याच्या काठाला बाभूळ आणि निंब. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात काळा माळ हिरवा होतो, पोळ्यापर्यंत गवत गुडघ्याला लागतं, दसऱ्यानंतर पिवळं पडायला लागतं. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा वरचं सगळं वाळून गेलेलं असतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथं काहीच नाही. गवताचं भांडवल तेव्हा खाली, मुळांत असतं. जनावरानं खाल्लं, वणवा गेला, दोन वर्षं दुष्काळ पडला तरी ते तिथंच राहतं आणि पाऊस पडला की वर येतं. कर्ब साठवण्यासाठी झाडं लावा म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की गवताळ रानाचा बराचसा कर्ब मातीत असतो. ती माती उलटली की तो राहत नाही.

मेंढपाळ कुसळी फुलायच्या आत माळ चारून घेतात. दाणा धरला की तिची कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात, तोंडात टोचतात, जखमा होतात. मग कळप ज्वारीच्या रानांकडे वळतात, शेतात बसवले जातात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. कुठल्या माळावर कधी जायचं आणि कधी सोडायचं याचं हे वेळापत्रक कुणी परिपत्रक काढून केलेलं नाही. आपण ज्याला पडीक म्हणता ती जमीन अशी वर्षभर कामात असते.

आता तक्रारी.

पहिली, झाडांची. राज्यात २०१६ साली २ कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. हेतूवर मला शंका नाही. पण एवढ्या रोपांना जागा कुठून आणायची? ज्या जमिनीवर झाड नाही ती जागा रिकामी, असा हिशेब झाला आणि माळ यादीत आले. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी रानं, चराऊ कुरणं आणि खडकाळ जमिनी एकाच शीर्षकाखाली बसवल्या आहेत, त्यामुळे खालच्या कर्मचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या कागदावरच तसं लिहिलेलं आहे.

लावलं काय जातं ते बघा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ. दोन्ही बाहेरून आलेली, चिवट, आणि गिरिपुष्पाला तर शेळीसुद्धा सहजी तोंड लावत नाही. म्हणून रोपं जगल्याची टक्केवारी चांगली दिसते. ती वाढली की खालचं गवत सावलीत विरळ होतं, रान बंद होतं. मोकळ्या रानातल्या पक्ष्याचं सगळं संरक्षण लांबून दिसण्यात असतं. त्याला झाडांची रांग म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला फांदी आणि कुत्र्याला लपायला आडोसा. झाडं लावाच, सोलापूर शहराला सावलीची किती गरज आहे हे एप्रिलमध्ये होटगी रोडवर सिग्नलला थांबलेल्या कुणालाही विचारा. रस्त्यांच्या कडेला, शाळांच्या आवारात, ओढ्यांच्या काठाला निंब, करंज, वड लावा. तिथं पाणी घालायला माणूसही असतो.

दुसरी तक्रार चरांची. सलग समतल चर उताराच्या, उघड्या पडलेल्या, धूप झालेल्या जमिनीवर उपयोगी आहेत, मी त्यांना सरसकट नावं ठेवत नाही. पण जिथं गवताची जाळी शाबूत आहे तिथं जेसीबी लावणं म्हणजे सोलापुरी चादर मजबूत करायची म्हणून तिच्यात कात्रीनं पट्टे पाडण्यासारखं आहे. चरातून निघालेला मुरूम बांधावर पडतो, त्यावर गवत धरत नाही, गाजरगवत आणि टाकळा धरतो. पाणी मुरवायचं काम गवत फुकट करत होतं.

तिसरी तक्रार माळढोकाची, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सोलापूर जिल्ह्याचं नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांच्या तोंडी या पक्ष्यामुळे गेलं.

१९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नजच्या माळाचे काही तुकडे कुंपण घालून राखले गेले. उद्देश चाऱ्याचा होता. गवत वाढलं आणि त्या तुकड्यांत माळढोक विणीला येऊ लागला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात इथं त्याचा अभ्यास केला. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार असलेल्यांपैकी एक. पावसाळ्यात नर माळाच्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो, तो आवाज शांत रानात लांबवर जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. घरटं नाही, आडोसा नाही. ज्या माळावर त्या काळात ट्रॅक्टर, जेसीबी किंवा कुत्र्यांची टोळी फिरली, तिथला त्या वर्षीचा हंगाम गेला.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शहरं, बागा, कारखाने, सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार करताना अडथळे आले, बिगरशेती परवान्यांना वर्षानुवर्षं लागली, आणि ज्या पक्ष्याला कुणी त्रास दिला नव्हता त्याचा लोक राग करू लागले. मी लस टोचायला गेलो की "तुमचा तो माळढोक" म्हणून टोमणे ऐकायचो, जणू तो माझ्या खात्याचा होता. पुढे हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. ते बरोबरच झालं. पण एवढं मोठं अभयारण्य कागदावर असताना प्रत्यक्ष गवत किती एकर राखलं गेलं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि आजही कुणी विचारत नाही. दरम्यान उजनीचं पाणी आलं, ज्वारी-भुईमूग-करडईच्या रानांत ऊस उभा राहिला. माळढोक कोरडवाहू शिवारात टोळ, किडे, दाणे टिपत फिरायचा. उसात त्याला पाय ठेवायला जागा नाही.

आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. २०११ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. देशात मोकळ्या रानात उरलेले दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथं सम आणि रामदेवऱ्याला त्यांची पैदास करण्याचं काम चालू आहे. उद्या ती पिल्लं परत सोडायची ठरलं तर जुन्या ठिकाणांची यादी निघेल. त्या यादीत नान्नज असेल. तेव्हा आपण त्यांना काय दाखवणार, गिरिपुष्पाच्या रांगा?

मला माहीत आहे, यावर उत्तर तयार असतं. "माळढोक गेलाच आहे, मग माळ राखून काय उपयोग?" म्हणून चौथी तक्रार, बाकीच्यांची.

हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, थेट कझाकस्तानाकडून. दिवसभर गवतावरून कमी उंचीवर तरंगत टोळ टिपतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात, झाडावर नाही. म्हणजे त्यांना झोपायलाही गवत लागतं. पखुर्डी सकाळी ठरल्या वेळी पाणवठ्यावर उतरते, नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातो. धाविक रिकाम्या मुरमावर अंडी घालतो आणि ती दगडांत इतकी मिसळलेली असतात की माणूस वरून चालत जाईल. चंडोल, लावा, तित्तिर, साप खाणारा सापमार गरुड, खोकड, तरस, घोरपड, फुरसं. आणि काळवीट. काळविटाबद्दल खोटं बोलत नाही, ते पिकात शिरतं, हरभऱ्याचं नुकसान करतं, शेतकरी वैतागलेला आहे. पण त्याच्या वाटचा माळ जितका कमी कराल तितकं ते शेतात जास्त येणार.

लांडग्यावर मात्र मला थांबावंच लागेल. आपल्याकडचा लांडगा जंगलातला प्राणी नाही, तो माळावरचा आहे. ओढ्याच्या काठाला, टेकाडाच्या उतारावर बीळ करतो, हिवाळ्यात पिल्लं होतात, कळपांच्या मागं फिरतो. कोकरू नेलं की मेंढपाळ शिव्या देतो, दगड मारतो, कुत्री सोडतो आणि पुढच्या तळावर जातो. पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार असाच चालला आहे. कायद्यानं लांडग्याला वाघाइतकंच संरक्षण आहे आणि मेंढी मारली गेली तर शासन भरपाईही देतं. आता ती भरपाई प्रत्यक्षात कशी मिळते ते ऐका, कारण शवविच्छेदनाचे दाखले मी स्वतः लिहून घेऊन पुढं पाठवले आहेत. पंचनाम्याला मेलेलं जनावर लागतं. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मागं रक्ताचे डाग राहतात. जनावर सापडलंच तर पंचनामा होईपर्यंत मेंढपाळानं तळ हलवायचा नाही. कळप उपाशी ठेवून तो दोन दिवस थांबणार कसा? मग अर्ज, बँकेचं खातं, रहिवासाचा पुरावा. फिरस्त्या माणसाला रहिवास विचारणारा अर्ज ज्यानं केला त्याला एकदा कळपामागं चालायला लावावं. एवढं सगळं लागतं म्हणून बहुतेक जण अर्जच करत नाहीत, आणि मग कागदावर दिसतं की नुकसान फारसं होत नाही.

त्यात कुक्कुटपालनाची शेडं वाढली आहेत. मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळावर टाकल्या जातात. पुरण्याचा नियम आहे, पुरायला खड्डा खणावा लागतो, माळ फुकट आहे. त्या कुजलेल्या मांसावर भटकी कुत्री पोसली जातात. ही कुत्री मेंढ्या मारतात आणि आळ लांडग्यावर येतो. पिसाळणं आणि डिस्टेंपर हे रोग त्यांच्याकडून रानात जातात. कुत्रा-लांडगा संकर झाल्याचं पुण्याच्या परिसरात जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. आपल्याकडे वेगळं काही होईल असं समजायला मला तरी कारण दिसत नाही.

पाचवी तक्रार मुरमाची. रस्ते झाले, चौपदरी झाले, चांगलं झालं. त्यांच्या भरावाचा मुरूम कुठून आला ते माळावरच्या खाणी सांगतात. त्या बुजवल्या जात नाहीत. पुढं कचरा टाकायला वापरल्या जातात.

सहावी, सौर प्रकल्पांची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. शेतीला दिवसा वीज हवी यात मला वादच नाही. रात्री मोटार चालू करायला जाताना घोणस पायाखाली आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण योजनेला उपकेंद्राजवळची शासकीय जमीन हवी असते, आणि गावाची शासकीय जमीन म्हणजे गायरान. एकदा तारेचं कुंपण पडलं की कळपाची वाट तुटते. त्यासोबत नव्या वाहिन्या येतात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्याला समोरचं कमी दिसतं आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारांवर आदळून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधल्या वाहिन्यांबाबत आदेश दिले, मार्च २०२४ मध्ये त्यांत बदल करून समिती नेमली. न्यायालयात एवढं घासूनपुसून चालतंय आणि नान्नजच्या आसपास नवी वाहिनी टाकताना पक्ष्याला दिसतील अशी चकत्यांची साधी खूण लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

थोडं विषयांतर करतो. सोलापूरकर सुट्टीत कोकणात जातात. तिथं समुद्रात शिरलेली खडकाळ भूशिरं, त्यांच्या माथ्यावरचे उघडे सडे, वाऱ्यानं वाकलेली झुडपं पाहून भारावून फोटो काढतात. पावसात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, त्यासाठी लोक गाड्या करून जातात. कातळशिल्पं तर २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या सड्यांचीही सरकारी नोंद बऱ्याच ठिकाणी पडीक कातळ अशीच आहे आणि तिथंही प्रकल्पांची नजर असते. तरी तिथं 'झाड नाही' ही उणीव कुणाला वाटत नाही. आपल्या माळावर मात्र वाटते. मला यात एवढंच दिसतं की समोर समुद्र असला की खडकाला सौंदर्य येतं आणि समोर बार्शी रोड असला की तो पडीक होतो.

शेतकऱ्यांची बाजू मी विसरलेलो नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी द्राक्षाचं 'सोनाका' वाण याच खडकाळ मातीत शोधलं, 'शरद सीडलेस'ही त्यांचंच. मोहोळच्या संशोधन केंद्रानं मालदांडी ज्वारी दिली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पाण्यात पीक काढण्याची अक्कल या जिल्ह्यात आहे. म्हणूनच मी म्हणतो, कुणाच्या मालकीच्या रानावर बंधनं घाला असं माझं म्हणणं नाही, १९७९ ची चूक पुन्हा नको. मी बोलतोय ते गायरानांबद्दल, वनखात्याच्या ताब्यातल्या गवताळ तुकड्यांबद्दल आणि अभयारण्याच्या उरलेल्या माळाबद्दल. एवढं जरी राखलं तरी पुष्कळ होईल.

आणि हे कुठं होत नाही असंही नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कडबनवाडीला वनविभागानंच गवताळ सफारी सुरू केली, लोक लांडगा आणि चिंकारा बघायला पैसे भरून जातात, गावातली पोरं वाटाडे झाली. कर्नाटकानं बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या गवताळ रानाला २०२४ साली संवर्धन राखीव क्षेत्र केलं. वन्यजीव कायद्यात त्याची तरतूद २००२ च्या दुरुस्तीपासून आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यात त्या निमित्तानं निदान एक खड्डा कमी खणला गेला असता तर बरं वाटलं असतं.

मागण्या साध्या आहेत.

या हंगामात गायरानांवर आणि गवताळ वनजमिनींवर घेतलेल्या खड्ड्यांत रोपं लावू नयेत. चर-खड्डे निघालेल्याच मातीनं मुजवावेत, पाऊस चांगला झाला तर गवत स्वतः येईल.

जिल्ह्यातल्या अशा सगळ्या जमिनींची एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा पाहून गवत, पक्षी, प्राणी आणि चराईच्या वाटा यांची नोंद व्हावी. ही नोंद ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी मेंढपाळांना बरोबर घेऊन करावी. कायद्यानं या समित्या आहेतच, अनेक ठिकाणी फक्त कागदावर आहेत. तोपर्यंत 'पडीक' या शीर्षकाखाली या जमिनींवर कुठलीही नवी योजना मंजूर करू नये.

नान्नजच्या परिसरातल्या जुन्या गवताळ तुकड्यांतून गिरिपुष्प आणि सुबाभूळ टप्प्याटप्प्यानं काढावं. मजुरी स्थानिकांना द्यावी, लाकूड गावाला.

सौर प्रकल्पांसाठी आधी छपरं पाहावीत. बाजार समितीची शेडं, साखर कारखान्यांची गोदामं, शासकीय इमारती, कालव्यांचे काठ. गायरानच लागणार असेल तर ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावून, चराईची वाट कुठून जाते ते विचारून मगच ठराव व्हावा. गावच्या सामाईक जमिनी वाचवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालय २०११ सालीच स्पष्ट बोललेलं आहे. अभयारण्याच्या आसपासच्या वाहिन्या भूमिगत कराव्यात, ते होईपर्यंत तारांवर खुणा लावाव्यात.

लांडग्यानं मारलेल्या मेंढीच्या भरपाईसाठी मोबाइलवर काढलेला, ठिकाण आणि वेळ दाखवणारा फोटो आणि तळावरच्या दोन साक्षीदारांची सही ग्राह्य धरावी. रहिवासाची अट फिरस्त्यांना नको. कळपांना चराईचे पास हंगाम सुरू व्हायच्या आत मिळावेत. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्या शेडचालकांवर ग्रामपंचायतीनं दंड करावा आणि त्या गावांतल्या कुत्र्यांचं लसीकरण व निर्बीजीकरण व्हावं. हे माझ्याच जुन्या खात्याचं काम आहे. माणसं कमी आहेत हे मला ठाऊक आहे, रिक्त जागा भरा.

मुरमाच्या खाणी परवाना संपल्यावर बुजवल्याशिवाय ठेकेदाराची अनामत परत देऊ नये.

या पत्राची प्रत मी संबंधित गावच्या ग्रामसभेत वाचायला दिली आहे. आपलं उत्तर मला वैयक्तिक नको, ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावावं. रोपांचे ट्रक जुलैत यायचे आहेत, त्यामुळे निदान पहिल्या मागणीचं उत्तर त्याआधी मिळावं. प्रत्यक्ष पाहणीला यायचं असेल तर दुपारी येऊ नका, सकाळी सातच्या आत या. मी आणि दोन मेंढपाळ बरोबर येऊ. गाड्या मात्र डांबरी रस्त्यावरच ठेवाव्या लागतील.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
उत्तर सोलापूर तालुका